पोळी-भात सोडून मॅरेथॉन? वजन घटेल, पण वेगाचे काय?

मॅरेथॉनची तयारी करताना अनेक जण वजन घटवण्यासाठी पोळी-भात बंद करतात. पहिल्याच आठवड्यात काटा खाली येतो. पण त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो. स्नायूंतील १ ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. साठा संपला की तेही जाते.

वेगाचे काय? ऑस्ट्रेलियातील संशोधक लुईस बर्क यांच्या पथकाने चालण्याच्या शर्यतीतील अव्वल खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन आठवड्यांच्या लो-कार्ब आहाराने शरीर चरबी जास्त जाळू लागले, पण तेवढ्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागला. १० किलोमीटरची वेळ पुरेसे कार्ब्ज घेणाऱ्यांचीच सुधारली.

मग मार्ग काय? हलक्या सरावाच्या दिवशी भात कमी, लांब पल्ल्याआधी पोटभर. वजन शर्यतीच्या बरेच आधी, हळूहळू घटवावे. मधुमेहाची औषधे सुरू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.