कार्ड आहे, पण कोड कुठे आहे?

योजनेला नाव महात्मा जोतीराव फुले यांचे, घरात शिधापत्रिका आहे, आयुष्मान कार्डही काढून झाले आहे. आणि तरीही रुग्णालयाच्या खिडकीवर 'हे योजनेत बसत नाही' एवढे ऐकून आपला माणूस मागे फिरतो. मग वसई-विरारमधून रुग्णाला लोकलमध्ये घालून कांदिवली गाठायची, नाहीतर थेट मुंबईतले केईएम किंवा नायर. ज्याला तेही जमत नाही तो व्याजाने पैसे काढतो. कार्ड काढून देण्याची शिबिरे आपल्या वस्त्यांत पुष्कळ झाली, त्यांचे फोटोही छापून आले. पण कार्डाने फक्त माणूस पात्र ठरतो. आजार पात्र ठरतो तो उपचारांच्या यादीतील क्रमांकाने, आणि ती यादी आपल्यापैकी किती जणांनी उघडून पाहिली आहे?

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आहे आणि पांढरी शिधापत्रिकाही त्यात आली आहे. शिधापत्रिकाच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालते. कोकण, मराठवाडा, विदर्भातून येऊन नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्यांना 'गावचे कार्ड इथे चालणार नाही' असे सांगितले जात असेल, तर ते धादांत खोटे आहे. योजना राज्याची आहे, तालुक्याची नव्हे.

आता कोडचा प्रश्न. योजनेत रुग्णालयाला पैसे मिळतात ते ठरलेल्या पॅकेजचे. प्रत्येक पॅकेजला क्रमांक असतो. केंद्राच्या यादीत हृदयरोगाचे क्रमांक 'एमसी'ने, सामान्य शस्त्रक्रियेचे 'एसजी'ने, हाडांचे 'एसबी'ने सुरू होतात. पित्ताशयाचेच घ्या. ते पोट उघडून काढले की दुर्बिणीतून, आणि पित्तनलिका तपासली की नाही, यावरून पॅकेज बदलते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसते 'पोटदुखी' लिहिले आणि सोनोग्राफीचा अहवाल जोडला नाही, तर पूर्वमंजुरीचा अर्ज शंका काढून परत येतो. घरच्यांना मात्र ऐकू येते ते 'नामंजूर' एवढेच! शंका निघणे वेगळे, नामंजुरी वेगळी, आणि तो उपचार यादीतच नसणे हे तिसरेच. या तिन्हींना एकाच वाक्यात गुंडाळले की कोणालाच उत्तर द्यावे लागत नाही.

यादीही जागची हलते. २०२५ मध्ये राज्य शासनाने उपचारांची संख्या १,३५६ वरून २,३९९ वर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणून खिडकीवर पहिला प्रश्न विचारायचा तो असा, की आपण कोणत्या तारखेची यादी पाहून नाही म्हणता? काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, आणि एखादे रुग्णालय योजनेशी अंगीकृत असले तरी सगळ्याच विभागांसाठी असेल असे नाही. अशा वेळी 'इथे होत नाही, पण अमुक ठिकाणी होते' हे सांगणे आरोग्यमित्राचे कामच आहे.

येथे आपल्याच लोकांना एक कडू गोष्ट सांगावी लागेल. 'साहेब, काहीतरी बसवून टाका' अशी गळ डॉक्टरांना घालू नये. खोटा क्रमांक लावला तर पाच लाखांतून पैसे जातात ते आपल्याच कुटुंबाचे, आणि न झालेला आजार नोंदीत कायमचा चिकटतो. देशाच्या महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात या केंद्रीय योजनेतील ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाशी जोडलेले आढळले. अशा बजबजपुरीचा फटका शेवटी खऱ्या रुग्णाला बसतो, कारण मग तपासणी त्याच्याच कागदांची कडक होते.

खाटेवर असताना हक्क कसा मागायचा? योजना कॅशलेस आहे. 'आधी भरा, मागाहून मिळतील' ही तिची रीतच नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच मेडकोकडून पॅकेजचे नाव, क्रमांक आणि अर्जाची स्थिती लिहून घ्यावी. नकार असेल तर तोही लेखी मागावा. तोंडी नकाराविरुद्ध आम्ही वकील मंडळी तरी कशाच्या आधारे भांडणार? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाच्या नोंदी द्याव्या लागतात. हकीम शेख नावाचा शेतमजूर १९९२ साली बंगालमध्ये रेल्वेतून पडला आणि त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग ठरवला. विरार लोकलच्या दारात लटकून रोजीरोटीला जाणाऱ्यांनी हा निकाल खिशात ठेवावा असा आहे. आणि क्रमांक खरोखरच नसेल, तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात, तिकडे वळावे.

वसई, नालासोपारा, विरारच्या प्रत्येक बुद्धविहारात जातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून देणारा एखादा कार्यकर्ता असतोच. त्याच्याशेजारी आता एखादी परिचारिका किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेला तरुण बसवा. राज्य आरोग्य हमी सोसायटीची चालू यादी छापून त्यांच्या हाती द्या, आणि आपल्या भागातील अंगीकृत रुग्णालये, त्यांचे विभाग व तेथील आरोग्यमित्र यांची वही ठेवा. तक्रारीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. फोन केल्यावर तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्यायला विसरू नका, आणि त्याच दिवशी तीच तक्रार जिल्हा समन्वयकाकडे लेखी देऊन पोच घ्या.