नादुरुस्त ब्रेकची गाडी परत कोण बोलावणार?

मुंबईंत अंधेरी येथें ता. २२ फेब्रुवारी २०२३ रोजीं बेस्टनें भाड्यानें घेतलेली एक बस पेटली. महिन्याभरांत पेटलेली ती तिसरी गाडी. बेस्टनें लागलीच त्या जातीच्या ४०० गाड्या एकदम रस्त्यावरून काढल्या आणि दोष दूर झाल्याशिवाय चालवूं नयेत असें ठरविलें. लोकांचे हाल होणार हें ठाऊक असूनही ठरविलें, हें योग्यच झालें. आमचा प्रश्न एवढाच कीं, पुसद, उमरखेड, झरीकडच्या खेड्यांत येणाऱ्या गाडीचा ब्रेक लागेनासा झाला, तर असा हुकूम कोण काढणार?

कायदा आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं ११०-अ हें कलम घातलें गेलें व ता. १ एप्रिल २०२१ पासून त्याचा अंमल सुरू झाला. गाडींत मूळचा दोष असून जिवास धोका असेल, तर सरकार कारखानदारास ती परत बोलावण्यास भाग पाडूं शकतें. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. वाचतांना बरें वाटतें. पण नियमांत मेख अशी कीं, गाडी सात वर्षांच्या आंतली पाहिजे. आतां वाचकांनींच सांगावें, आपल्या पांदीच्या तोंडाशीं थांबणारी लाल गाडी सात वर्षांच्या आंतली असते काय?

जुन्या गाडीचा ब्रेक कारखान्याच्या चुकीनें नव्हे, झिजेनें जातो, हें आम्हांस मान्य आहे. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. नळी कोठें फुसफुसली कीं दाब उतरतो. लायनर झिजले कीं पायाखालीं जोर राहात नाहीं. लांब उतारावर ब्रेक तापले कीं धरेनासे होतात. यांतलें बहुतेक डेपोंत तपासतां येतें. म्हणजे कारखानदार सुटला तरी गाडीचा धनी सुटत नाहीं.

आपल्या गांवगाड्यांत हें कोणास शिकवावें लागलें नाहीं. सुतारानें चाक करून दिलें कीं त्याचें काम संपलें असें नव्हतें. आरा हालला, धाव सैल झाली, तर सुतार-लोहारांनीं पाहावें. बलुतें त्याचेंच होतें. धाव सैल असतां कपाशीचे बोजे लादून कोणी गाडी हांकली, तर सारा गांव त्यास नांवें ठेवी.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही मुलांस घेऊन घाट उतरत होतों. गाडी कोणाची तें येथें सांगत नाहीं. चालकानें तीनदां पाय दाबला तेव्हां ती मंदावली. पुढच्या बांकावरच्या पोरी हंसत होत्या. त्यांस कांहींच कळलें नाहीं. खालीं उतरल्यावर चालक म्हणाला, “गुरुजी, चार दिवसांआधींच लिहून देल्लं होतं.” उद्यां अपघात झाला असता तर पहिली बेडी त्याच्याच हातांत पडली असती.

उलट गोष्टही सांगितली पाहिजे. कुर्ल्यास ता. ९ डिसेंबर २०२४ रोजीं बेस्टची विजेवरची बस माणसांत शिरली व ९ जीव गेले. ब्रेक गेला, असें प्रथम बोललें गेलें. तपासणींत ब्रेक चांगले निघाले. गियरच्या गाड्यांवर हात बसलेल्या माणसास या बिनगियरच्या गाडीचें शिक्षण अपुरें मिळालें होतें, असें पुढें आलें. त्यास तिच्यावर बसविलें कोणी, हें मात्र कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं.

म्हणून कागद पाहिजे. चालकानें लिहून दिलेल्या बिघाडाचें काय केलें, हें आगार व्यवस्थापकास विचारण्याचा उतारूस हक्क आहे, आणि लेखी विचारल्यास तें दडपणें कठीण जातें. गाडीचा नंबर, तारीख, वेळ व ठिकाण एवढें ध्यानांत ठेवून यावें. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं आपल्या गांवच्या शाळेंत जावें. अर्ज लिहून देण्यास कोणताही मास्तर नाहीं म्हणणार नाहीं. पोंच मात्र स्टँडवरून सहीनिशीं घ्यावी.