कोनूरचा धंदा आणि दुकानदाराची जबान

पाळीव पक्ष्यांच्या बाजारात कोनूर या परदेशी पोपटाला चांगली मागणी आहे. पिवळ्या-केशरी रंगाचा सन कोनूर मूळचा गयाना व उत्तर ब्राझीलचा. त्याहून लहान, हिरव्या अंगाचा ग्रीन-चीक बोलिव्हिया व आसपासच्या मुलखातला. आपला देशी मिठ्ठू पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा असल्याने हौशी गिऱ्हाईक इकडे वळते. धंदा वाईट नाही. परंतु तो काही ठिकाणी ज्या रीतीने चालतो, त्याबद्दल स्पष्ट बोलणे आम्हाला भाग वाटते.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे पुरती पिसे न फुटलेले पिल्लू नवख्या माणसाला विकणे. "हाताने भरवा, म्हणजे माया लागेल," असे सांगून सोबत पावडरचा डबा आणि सिरिंज दिली जाते. भरवणे हे शिकलेल्या हाताचे काम आहे. खाद्य फार गरम झाले तर गळ्याखालची अन्नपिशवी भाजते. थंड झाले तर ते पिशवीत साचून आंबते. चुकून श्वासनलिकेत गेले तर पिल्लू हातातच दगावते. मग दुकानदार म्हणतो, तुम्हाला सांभाळता आले नाही! आमच्या मते हा दोष गिऱ्हाइकाचा नव्हे, विकणाऱ्याचा. स्वतःच्या चोचीने खाऊ लागलेला, माणसांत वाढलेला पक्षीही माया लावतो. पिल्लू खाते होईपर्यंतचे आठ-दहा आठवडे विकणाऱ्याने स्वतः सोसावेत आणि त्याची किंमत उघडपणे लावावी.

दुसरी गोष्ट "जोडी"ची. या दोन्ही जातींत नर-मादी दिसायला सारखेच असतात. डीएनए तपासणीचा कागद नसताना जोडी म्हणून दोन पक्षी गळ्यात मारणे म्हणजे मापात पाप.

आवाजाबद्दल तर कोणी बोलतच नाही. सन कोनूर मूठभर दिसतो, पण त्याची किंकाळी शेजारच्या खोलीतच काय, चाळीच्या दुसऱ्या टोकाला जाते. थव्यातला पक्षी आहे तो. माणूस नजरेआड झाला की हाक मारणारच. त्याच्यावर ओरडले तर त्याला उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि तो आणखी ओरडतो. लांबून हळू शीळ घालून जबाब द्यावा, शांत असताना लाड करावेत. डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी होऊ लागली आणि मानेची पिसे उभी राहिली की हात मागे घ्यावा. एवढे समजावले तरी "चावरा निघाला" म्हणून पक्षी परत आणणारे कमी होतील. बोलण्यात तो मिठ्ठूची बरोबरी करत नाही, हेही आधी सांगावे. आणि नीट सांभाळला तर तो वीस वर्षांहून अधिक जगतो. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर मात्र नाही. भाजी, फळे, कडधान्य हवे. अवोकाडो त्याला विष आहे, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानेही पक्षी मरतो.

पिंजरे बनवणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनाही एक अर्ज आहे. कोनूर तार सतत चोचीने कुरतडतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेवरची सुटी पूड किंवा शिशाच्या डागाचा तुकडा पोटात गेला तर विषबाधा होते. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा महाग पडतो, हे खरे. पण हजारोंचा पक्षी घेणाऱ्याला कारण सांगितले तर तो ती किंमत देतो, आणि मजुरीही बरी सुटते. घुमटाचा गोल पिंजरा दिसायला छान, पक्ष्याला निरुपयोगी. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, याहून लहान करू नये. तारांमधले अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास असावे.

राहिला कागदांचा प्रश्न. २०२२ च्या कायदादुरुस्तीने कोनूरसह अनेक परदेशी जाती चौथ्या अनुसूचीत आल्या आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी सक्तीची झाली. परिवेश पोर्टलवर मालकाची नोंद करावी लागते. पक्षी हस्तांतरित झाला, पिल्लू जन्मले किंवा पक्षी मेला तर तेही कळवावे लागते. "घरचा पक्षी आहे, कोण विचारतो?" असे सांगून विनापावती विकणारा स्वतः मोकळा होतो आणि गिऱ्हाइकाला अडकवतो. पक्का बिल, पायातल्या कड्याचा क्रमांक, नोंदणीच्या कागदाची प्रत, हे तिन्ही पक्ष्यासोबतच हातात ठेवावे. ज्याच्याकडे हे नाही, त्याच्याकडून आपल्या दुकानदारांनीही माल उचलू नये, मग तो कितीही स्वस्त देवो.