कॉम्प्युटरच्या पलीकडेही एक प्रयोगशाळा आहे

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात दोनच प्रश्न विचारले जातात. नीट दिली का? नाहीतर कॉम्प्युटरला कुठे नंबर लागतोय? बी.एस्सी. म्हटले की समोरच्याचा चेहरा पडतो. मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, या क्षेत्राने मला भाकरी दिली. तरीही सांगतो, सगळ्यांनी एकाच दारात गर्दी करू नका.

मी लिहिलेला कोड ज्या चिपवर चालतो, ती कुणीतरी सिलिकॉनच्या अभ्यासातून घडवली. मोबाईलमधल्या लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनाला २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पदार्थ आतून कसा रचलेला आहे आणि ती रचना बदलली तर त्याचे गुण कसे बदलतात, हे शोधणारी विद्याशाखा म्हणजे पदार्थविज्ञान, मटेरियल सायन्स.

त्यासाठी आयआयटीच हवी असे नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्म्सवर, अनेक वर्षे काम चालू आहे. काच किंवा स्टीलची पट्टी रसायनाच्या द्रावणात बुडवायची, तापमान आणि वेळ सांभाळायची, की तिच्यावर अतिसूक्ष्म थर चढतो. त्यातून सुपरकपॅसिटर, वायू ओळखणारे सेन्सर, सौरघट यांवर संशोधन होते. इथून पीएच.डी. केलेली कितीतरी मुले पुढे दक्षिण कोरियाच्या विद्यापीठांत गेली. विद्यापीठात नॅनोसायन्सचा स्वतंत्र विभागही आहे.

ज्यांच्या घरात रंगाई, वेल्डिंग, प्लेटिंग किंवा भट्टीचे काम आहे, त्यांना हे परके वाटू नये. कोणता धातू किती तापवायचा हे अब्बांच्या हाताला माहीत असते. ते तसे का होते, हे शोधायची संधी तुम्हाला आहे.

आता पैशाचे बोलू. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफला वयाची अट आहे. मुलींना आणि ओबीसींना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत मोडतात, पण नॉन-क्रीमिलेअर दाखला वेळेत काढलेला नसतो. तो आजच काढा. एम.एस्सी. आयआयटीतून करायची असेल तर 'जॅम' ही परीक्षा आहे.

रस्ता सोपा आहे असे मी म्हणणार नाही. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे जातात, प्राध्यापकाची कायम नोकरी सहज मिळत नाही, घरचे लग्नाचा विषय काढतात. त्यात अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३पासून बंद केली. देशाच्या लोकसंख्येत आपण १४.२ टक्के, पण २०२०-२१च्या सरकारी सर्वेक्षणात उच्च शिक्षणातला आपला वाटा फक्त ४.६ टक्के होता. अशा वेळी हात काढून घेणे म्हणजे आधीच मागे असलेल्याला आणखी मागे ढकलणे.

म्हणून मागणीही स्पष्ट हवी. बार्टी, सारथी, महाज्योती आपापल्या समाजघटकांतील पीएच.डी. संशोधकांना फेलोशिप देतात. राज्याने २०२४मध्ये अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी'ला मंजुरी दिली. मूलभूत विज्ञानातल्या संशोधकांना पुरेशी आणि वेळेवर फेलोशिप, ही तिच्याकडून आपली पहिली अपेक्षा असली पाहिजे.

पण सगळे सरकारवर सोडून चालणार नाही. कोल्हापुरातच शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि तिच्यातून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. गावाकडच्या मुलाला शहरात राहायला जागा मिळाली तर तो शिकेल, इतका साधा विचार त्यामागे होता. आज आपल्या जमातींकडे, ट्रस्टांकडे पैसा आहे. दरवर्षी एम.एस्सी.च्या दोन मुलींच्या वसतिगृहाचा खर्च उचलणे एखाद्या तालुक्याला जड नाही.

आणि तुम्ही बी.एस्सी. करत असाल, तर मान खाली घालू नका. एकदा विद्यापीठात जा, प्रयोगशाळा बघा, तिथल्या संशोधकांना प्रश्न विचारा. मग ठरवा.