शिवेपाशी थांबणारे पुढारी

दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला करतात. आमच्या वराळ्यातही अजून करतात. कुणी पोती आणतो, कुणी दगड, कुणी माती कालवतो. चार दिवसांत लोहगड उभा राहतो, अळीव आणि मोहरी उगवून त्याची उतरण हिरवी होते, आणि बुरुजावर मातीचे मावळे पहारा करू लागतात. ह्या उद्योगात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाच घरची पाच पोरे असतात, दिवसातून तीनदा भांडतात. परंतु बुरूज तुझा आणि उतार माझा, अशी वाटणी त्यांनी केल्याचे मी कधी पाहिलेले नाही. तीच पोरे मोठी होतात, सरपंच होतात, नगराध्यक्ष होतात, आमदार होतात. आणि मग डोंगराचा माथा एकाचा, उतार दुसऱ्याचा, पायथा तिसऱ्याचा आणि वाहून गेलेली माती कुणाचीच नाही, असा हिशेब सुरू होतो.

मला भांडायचे आहे ते ह्या वाटणीशी. आमचे पुढारी एकत्र येत नाहीत, असे म्हणण्याची माझी छाती नाही. भूमिपूजनाला ते एकत्र येतात. लग्नाला येतात, दशक्रियेला येतात, बैलगाड्यांच्या शर्यतीला तर न चुकता येतात. वृक्षारोपणाच्या दिवशी एका रोपाला बारा हात लागतात. पुढच्या वैशाखात त्या रोपाला पाणी घालायला एक हात मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. तेव्हा एकीचा दुष्काळ आमच्याकडे नाही. ती एकी व्यासपीठावर होते आणि बांधावर मोडते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या इंद्रायणीचेच पाहा. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला तिचा उगम. तेथून कामशेत, वडगाव, तळेगाव ह्या मुलखाचे पाणी गोळा करीत ती वराळ्याच्या शिवारात येते आणि पुढे इंदोरी, देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेला मिळते. एवढ्याशा वाटेत तिला किती धनी भेटतात, ते मोजून पाहा. लोणावळ्याची नगरपरिषद, वडगावची नगरपंचायत, तळेगावची नगरपरिषद, देहूची नगरपंचायत, देहूरोडचे कॅन्टोन्मेंट, पिंपरी-चिंचवडची महापालिका, आळंदीची नगरपरिषद आणि मधल्या सगळ्या ग्रामपंचायती. त्यांच्यावर जलसंपदा खाते, वन खाते, औद्योगिक महामंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि २०१५ साली स्थापन झालेले महानगर प्राधिकरण. इतके धनी असलेली गाय उपाशी मरते, हे कोणत्याही गुराख्याला ठाऊक आहे. प्रत्येक जण आपापल्या शिवेत नदी पाहतो. शिवेपलीकडे गेलेले पाणी म्हणजे परक्याच्या घरी दिलेली लेक. तिचे पुढे काय झाले, हे विचारण्याची चालच नाही.

विचारले पाहिजे. गेल्या काही वर्षांत आळंदीच्या घाटावर नदीवर पांढरा फेस तरंगताना वारकऱ्यांनी पाहिला, आणि त्या फेसातच त्यांनी स्नान केले. तुकोबांची गाथा देहूच्या डोहात बुडवली आणि ती तरली, असे आपण मानतो. आज बुडवली तर ती तरेल की नाही, हा भक्तीचा प्रश्न आहे. परंतु वर आलेली गाथा वाचण्याजोगी राहील की नाही, हा मात्र निव्वळ सांडपाण्याचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर एकट्या देहूने किंवा एकट्या आळंदीने देता येण्यासारखे नाही. आळंदीचा फेस आळंदीत तयार होत नाही.

कुणी म्हणेल, ही नवी मागणी आहे. खोऱ्याचा एकत्र कारभार आपल्याकडे कधी होता? होता. ‘मावळ’ हा शब्दच त्याची साक्ष आहे. बारा मावळे म्हणजे बारा तालुके नव्हेत. एकेक मावळ म्हणजे एकेक खोरे. पवनेचे ते पवन मावळ, आंद्रेचे ते आंदर मावळ. खाली वेळवंडीचे वेळवंड खोरे, कानंदीचे कानद खोरे. देशमुखाचे वतन खोऱ्याचे असे. नदी ज्या गावांना बांधते ती गावे एका कारभारात, हा साधा हिशेब त्या काळच्या माणसांना कळत होता. आम्हांला नकाशे आले आणि तो हिशेब कळेनासा झाला. दोन गावांचा शिवेवरून तंटा झाला, तर गोतसभा बसे. आजूबाजूच्या गावांचे देशमुख, पाटील, बलुतेदार जमत, साक्षी घेत, निवाड्याचा महजर लिहीत. त्यावर पाटलाने नांगराची निशाणी करायची आणि बलुतेदारांनी आपापल्या हत्याराची. शीव नेमकी कुठून जाते, ह्याबद्दल महाराच्या शब्दाला मोठे मोल असे. कारण ती रोज पायाखाली घालणारा तोच होता.

एवढ्यावरून जुने ते सोने म्हणून मी टाळ वाजवणार नाही. ज्याच्या साक्षीवर गावाची शीव ठरे, त्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. आणि घागर वाहणाऱ्या बाईला तर त्या सभेत कुणी विचारीतच नसे. तसली सभा पुन्हा नको. परंतु त्या सभेतली एक रीत घेण्यासारखी आहे: गावाच्या कडेचा प्रश्न एकट्या गावाने सोडवायचा नाही, शेजाऱ्याला बसवून सोडवायचा. पूर्वी शीव आखण्यासाठी गावे एकत्र बसत. आज शीव ओलांडण्यासाठी बसावे लागेल.

धुळे-नाशिककडची फड पद्धत ह्याहून बोलकी आहे. पांझरा, मोसम ह्या नद्यांवर एकाखाली एक बंधारे घालून तेथल्या शेतकऱ्यांनी तीन-चारशे वर्षे पाणी वाटून घेतले. पाटकरी, जागल्या, हवालदार ही माणसे शेतकऱ्यांनी नेमलेली, आणि त्यांची मजुरीही शेतकऱ्यांनीच दिलेली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी तुटले तर तूट सगळ्यांनी सोसायची. वरच्याने खालच्याचा विचार करायचा, हे तेथे पुण्यकर्म नव्हते. तो व्यवहार होता. आज आपण आदर्श गावांचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, तो धडा सर्वांनी गिरवावा. परंतु आदर्श गावाची पाटी गावाच्या वेशीवर संपते. आदर्श खोऱ्याची पाटी मी तरी अजून पाहिलेली नाही.

आता आमच्या तालुक्यातले सर्वांत कडू पान उलटतो. ९ ऑगस्ट २०११. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले. नदीतून वाहणारे पाणी नळात गेले तर काठच्या शेतीचे काय, म्हणून मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. त्या दिवशी आणि त्यानंतर पुढाऱ्यांची एकी झाली, आणि ते काम कित्येक वर्षे थांबले. थांबवण्यासाठी आम्ही एकत्र येऊ शकतो, हे सिद्ध झाले. परंतु तीन जीव गेल्यावर जी बैठक बसायला हवी होती, ती बसली का? धरणाखालच्या गावांना किती पाणी, शहराला किती, शहराने त्याचे मोल वरच्या गावांना कसे द्यायचे, आणि वरच्यांनी पाणी स्वच्छ राखण्याची हमी कशी द्यायची: हे चार प्रश्न एका घोंगडीवर बसून कुणी सोडवले? १९१५ पासून आमच्या डोंगरावरचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरून मुंबईला वीज देत आले. मावळाने पाणी द्यावे आणि शहराने घ्यावे, ही रीत इतकी जुनी झाली आहे की ती निसर्गाचाच नियम वाटू लागली आहे.

तो नियम नव्हे. न्यूयॉर्क शहर आपले बहुतेक पाणी दूरच्या कॅट्स्किल डोंगरांतून आणते. तेथल्या लोकांचाही शहरावर जुना राग होता, कारण शहराच्या तलावांत त्यांची गावे बुडाली होती. पाणी गाळण्याचा अवाढव्य कारखाना बांधायचा, की डोंगरच राखायचा, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा शहराचे आणि वरच्या गावांचे पुढारी भांडत भांडत का होईना, एका टेबलाशी बसले आणि १९९७ साली करार झाला. गोठ्यांचे शेण ओढ्यात जाऊ नये, घरांचे मैलापाणी नदीत मिसळू नये, ह्यासाठी शहराने पैसा दिला; गावांनी पाणी राखले. ह्यात संतपणा कुठेच नाही. खालच्याने वरच्याला मोल द्यावे आणि वरच्याने खालच्याला जाब द्यावा, एवढ्या एका वाक्यात तो करार मावतो. आमच्या खोऱ्यालाही ह्याहून मोठे तत्त्वज्ञान नको आहे.

कायदा करा म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांनी पश्चिम घाटाची कहाणी आठवावी. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ साली अहवाल दिला. जपणुकीचे निर्णय ग्रामसभांपर्यंत नेऊन घ्यावेत, हा त्याचा गाभा. तो लोकांपुढे यायला २०१२ उजाडले, तेही माहितीच्या अधिकाराची लढाई झाल्यावर. तोवर गावोगाव सांगून झाले होते की आता घराचे कौलही बदलता येणार नाही! पुढे दुसरी समिती आली, आणि २०१४ पासून २०२४ पर्यंत अधिसूचनेचा मसुदा सहा वेळा निघाला. मधल्या काळात, २०१४ च्या जुलैत, आमच्याच जिल्ह्यात माळीणवर डोंगर उतरला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. डोंगर मसुद्याची वाट पाहत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती सांगितली आहे. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, हे वाचकांनी ह्या सुट्टीत सहज विचारून पाहावे. करमणूक होईल.

आणि गावकऱ्यांनाही मी सोडणार नाही. “निसर्ग हे भरल्या पोटाचे चोचले, आम्हांला रस्ता द्या, पोरांना नोकरी द्या,” असे आमच्या पारावर ऐकू येते. नोकरी हवीच. परंतु पोट कशावर भरते? आज घरोघर शिजणारा इंद्रायणी तांदूळ आमच्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली निघाला, आंबेमोहर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून. पुण्या-मुंबईत त्याच्या वासावर दाम मिळतो. त्याच्या खाचरांनी पावसाचे पाणी अडते, मुरते. ती खाचरे मुरूम टाकून बुजवायची, गुंठ्यांनी विकायची, आणि मग पावसाळ्यात रस्त्यावर पाणी का आले म्हणून ग्रामपंचायतीवर मोर्चा न्यायचा! आजिवलीच्या लोकांनी वाघजाईची राई राखली, तिच्यातल्या भेरली माडांच्या माडीवर पैसाही मिळवला. जपणे आणि पोट भरणे ह्यांत वैर नाही, हे मावळातल्याच माणसांनी दाखवून दिलेले आहे. ती खाचरे विकत कोण घेतो, हेही सांगायला हवे. शहरातल्या वाचकहो, रागावू नका; डोंगर कापून बांधलेल्या बंगल्याच्या सज्जात बसून “पूर्वी इथे किती झाडी होती” असे हळहळणारे पाहुणे आपल्याच ओळखीचे असतात.

मग करायचे काय? नवी संस्था काढू नका. नवे कार्यालय आले की नवी शीव येते. वर्षातून चार वेळा खोऱ्यातले सगळे सरपंच, नगराध्यक्ष आणि आमदार एकेका गावी जमोत: कधी लोणावळ्यात, कधी वराळ्यात, कधी नदीपलीकडे आंबीत, कधी आळंदीत. हारतुरे नकोत. एक वही ठेवावी. कोणाच्या हद्दीतून किती नाले नदीत येतात, त्यातले किती शुद्ध होऊन येतात, कोणता डोंगर कोणी कापला, फाल्गुन-चैत्रात वणवा कोणत्या शिवारात लागला आणि विझवायला शेजारचे कोण धावले, हे तिच्यात लिहावे. वणव्याला तर शीव ठाऊकच नसते. एका गावाने जाळरेषा काढायची आणि शेजारच्याने गवत चांगले यावे म्हणून काडी टाकायची, हा खेळ चार पुढारी एका पारावर बसले तर एका उन्हाळ्यात बंद होईल. आणि वही वाचायची ती नेहमी खालच्या गावात, खालच्या लोकांसमोर, वरच्या पुढाऱ्याने स्वतः उभे राहून. त्या सभेत घागर वाहणाऱ्या बाईला पहिला प्रश्न विचारू द्यावा.

पाडव्याला दुकानदार वहीपूजन करतो. नफा असो की तोटा, जुना हिशेब मिटवल्याशिवाय नव्या वहीला तो हात लावीत नाही. पाडव्यानंतर महिन्याच्या आतच कार्तिक वद्य एकादशीला आळंदीचा घाट माणसांनी फुलेल, आणि आमचे सगळे पुढारी, सगळ्या पक्षांचे, तेथे दर्शनाला येतील. त्यांनी तेवढे एक करावे. माउलींपुढे हात जोडण्याआधी घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरावे, ओंजळभर पाणी घ्यावे, आणि एकमेकांसमोर उभे राहून ते पिता येते का, पाहावे. पिता आले नाही तर वहीचे पहिले पान तेथेच लिहावे. पहिली ओळ आमच्या वराळ्याच्या सांडपाण्याची असली, तरी आमची हरकत नाही.