‘दोन्ही ग्रुप’ घेण्याआधी विहिरीचं पाणी बघा

दहावीचा निकाल लागला की आमच्या येवला तालुक्यात आठ-दहा दिवस कांद्याच्या भावापेक्षा अकरावीची चर्चा जास्त चालते. अंदरसूलच्या उपबाजारात ट्रॅक्टर लिलावाला लावायचा, सावली बघून बसायचं आणि शेजारच्याला विचारायचं, “पोरगं काय घेतंय यंदा?” “सायन्स.” “ते झालं हो, पण ग्रुप कोणता?” मग जरा छाती पुढे काढून उत्तर येतं, “दोन्ही! मॅथ्स बी घेतलं अन् बायो बी. डॉक्टरकीला नंबर नाही लागला, तर इंजिनिअर तरी होईल.”

ऐकणारा मान डोलावतो. बापालाही समाधान वाटतं, की आपण दोन्ही दरवाजे उघडे ठेवले. हा विचार मुळीच वाईट नाही. ज्याचं उभं पीक एका गारपिटीत जातं, तो माणूस पोराच्या बाबतीत दुहेरी सोय बघणारच. पण शेतकरी बांधवांनो, हा हिशेब तीस वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा तो बरोबर होता. आज तो बहुतेक घरांत चुकतो आणि त्याची किंमत पोर मोजतं.

तेव्हा बरोबर का होता, ते आधी बघू. नव्वदच्या दशकात बरीच वर्षं मेडिकल काय आणि इंजिनिअरिंग काय, प्रवेश बारावीच्या मार्कांवर होत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीची बेरीज केली की मेडिकलचा आकडा निघे. बायोलॉजीच्या जागी गणित धरलं की इंजिनिअरिंगचा. म्हणजे परीक्षा एकच, पेपर तेच, फक्त बेरीज दोन. चौथा विषय घेतला तर एका पुस्तकाचा अभ्यास वाढायचा आणि दुसरं तिकीट हातात यायचं. एवढा स्वस्त सौदा कोण सोडील?

आता काय झालंय? बारावीची बोर्डाची परीक्षा आहेच. मेडिकलसाठी वेगळी ‘नीट’ आहे. ती २०१३ साली पहिल्यांदा झाली, मध्ये बंद पडली, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने परत आली आणि २०१७ पासून महाराष्ट्रातले प्रवेश तिच्यावरच होतात. नुसतं एमबीबीएसच नव्हे, बीएएमएस, बीएचएमएस आणि जनावरांच्या डॉक्टरकीलाही नीटच लागते. राज्यातल्या इंजिनिअरिंग, फार्मसी आणि शेतकी पदवीसाठी सीईटी आहे, आणि तिचेही दोन ग्रुप आहेत, गणिताचा वेगळा आणि बायोलॉजीचा वेगळा. आयआयटीचं नाव काढलं तर जेईई आणखी निराळी. म्हणजे पूर्वी चौथा विषय घेतला तर एक पुस्तक वाढायचं. आता सबंध एक परीक्षा वाढते, कधी दोन वाढतात.

या परीक्षांची गुणांची वाटणी बघा, म्हणजे माझं म्हणणं ध्यानात येईल. नीट ७२० गुणांची. त्यात बायोलॉजी ३६०, फिजिक्स १८०, केमिस्ट्री १८०. गणिताला शून्य. शिवाय उत्तर चुकलं की एक गुण कापला जातो. इकडे इंजिनिअरिंगची सीईटी २०० गुणांची. त्यात गणिताचे प्रश्न पन्नासच, पण प्रत्येकाला दोन गुण, म्हणजे गणित एकटं १००. इथे बायोलॉजीला शून्य. सांगायचा मुद्दा असा, की एका परीक्षेत निम्मे गुण बायोलॉजीचे आणि दुसरीत निम्मे गणिताचे. दोन्हीकडे निम्मं माप भरायचं तर पोराला दोन्ही विषयांत पक्कं व्हावं लागतं. नुसता विषय ‘घेतलेला असणं’ कुठेच कामाला येत नाही.

शिवाय पुस्तकं निराळी. नीटसाठी मुलं एनसीईआरटीची पुस्तकं पाठ करतात आणि तिथे अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. सीईटीला आपल्या मंडळाची पुस्तकं, बारावीवर ८० टक्के आणि अकरावीवर २० टक्के भर. त्यात आपली बहुतेक पोरं दहावीपर्यंत मराठीतून नाहीतर सेमी इंग्रजीतून शिकलेली. अकरावीला गेल्यावर सगळं सायन्स एकदम इंग्रजीत येतं. पहिले तीन-चार महिने ‘फोटोसिंथेसिस’ म्हणजे आपलं प्रकाशसंश्लेषणच, हे उमजण्यात जातात. नीटचा पेपर मराठीत मिळू शकतो हे खरं, पण दोन वर्षं वर्गात इंग्रजीतून शिकलेलं पोर ऐनवेळी मराठीकडे वळत नाही.

आता पोराच्या दिवसाचा हिशेब मांडू. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावातलं पोर पहाटे पाचला उठतं, सहाची एसटी पकडतं. सकाळचं कॉलेज, नंतर प्रॅक्टिकल, दुपारी क्लास, संध्याकाळची गाडी. घरी यायला सात. जेवण झालं की डोळे मिटायला लागतात. कांदालागवडीत नाहीतर काढणीत आठ-पंधरा दिवस घरची मदत, ती वेगळीच. स्वतः बसून अभ्यास करायला त्याच्या हातात रोजचे फार तर तीन तास उरतात. हे तीन तास तीन विषयांत वाटायचे की चार, एवढाच प्रश्न आहे. शहरातलं पोर कॉलेजच्या शेजारी राहतं, त्याच्याकडे सहा तास असतात. त्याचं बघून आपण आपलं ठरवू नये.

शेतकऱ्याला ही गोष्ट मी काय सांगावी? पौषात विहिरीत डोकावून आपण ठरवतो, की यंदा उन्हाळ कांदा एक एकर करायचा की दोन. पाणी एका एकराचं असताना दोन एकर लावले तर काय होतं? मार्चमध्ये विहीर तळाला जाते, दोन्ही एकर सुकतात आणि गोलटीसुद्धा धड हाती येत नाही. पाण्याचा एवढा चोख अंदाज बांधणारा माणूस पोराच्या बाबतीत मात्र विहिरीत न डोकावताच दोन्ही वावरं लावून मोकळा होतो.

दुसऱ्याला बोलण्याआधी स्वतःची चूक सांगतो. माझा पुतण्या दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला, तेव्हा कॉलेजच्या खिडकीवर त्याच्याबरोबर मीच उभा होतो. कारकुनाने विचारलं, “ग्रुप?” पोराने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “दोन्ही लिहा.” पाच मिनिटांत दोन वर्षांचा फैसला केला. पोर गुणी, तोंडातून ‘नाही’ शब्द काढला नाही. दोन वर्षं धावला. बारावीत बेताचे मार्क पडले, नीटमध्ये फिजिक्सने खाल्लं, सीईटीत गणिताने. एक वर्ष घरी बसून परत परीक्षा दिली आणि शेतकी पदवीला लागला. आज बरं चाललंय त्याचं. पण मागच्या दिवाळीत कांद्याची रोपं उपटताना त्यानं मला विचारलं, “नाना, अॅग्रीला तर मॅथ्स लागतच नव्हतं. मग ती दोन वर्षं मी कशासाठी केलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून कोणता विषय सोडला की कोणता दरवाजा बंद होतो, हे आधी बोटावर मोजा. गणित सोडून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतलं तर एमबीबीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, राहुरीसारख्या कृषी विद्यापीठांची शेतकी पदवी आणि बीएस्सी, एवढं सगळं उघडं राहतं. बंद होतं ते मुख्यतः इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि एनडीएतलं नौदल व हवाई दल. उलट बायोलॉजी सोडून गणित ठेवलं तर इंजिनिअरिंगसोबत फार्मसी आणि शेतकी पदवी राहते, बंद होते ती डॉक्टरकी. म्हणजे शेतकी आणि फार्मसी, जिथे आपली बरीच पोरं शेवटी जातात, तिथे दोन्ही वाटांनी जाता येतं. त्यासाठी दोन्ही विषयांचं ओझं वाहायची गरजच नाही.

आणखी एक बदल आपल्या लोकांपर्यंत नीट पोचलेला नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या १९९७ च्या जुन्या नियमांप्रमाणे बायोलॉजी अकरावी-बारावी दोन्ही वर्षं, प्रॅक्टिकलसह, नियमित शिकलेलं असावं लागे. एकदा सोडली की डॉक्टरकीचा दरवाजा कायमचा बंद. त्या भीतीपोटीही पुष्कळ लोक दोन्ही विषय घ्यायला लावत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने जाहीर केलं, की फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्रजी घेऊन बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी जादा विषय म्हणून पास केली, तरी नीटला बसता येईल. याचा अर्थ ते सोपं झालं असा नाही. वर्ष जातं, प्रॅक्टिकलची सोय बघावी लागते, आणि तसं करायचं असेल तर नाशिकच्या विभागीय मंडळाकडून आधी लेखी खुलासा घ्यावा. पण ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ ही भीती आता राहिलेली नाही, एवढं नक्की.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गणित सोडलं म्हणजे सुटका झाली, असं समजू नका. मंडळाकडे इंग्रजी धरून विषय सहाच भरावे लागतात. गणिताच्या जागी दुसरा विषय येतो, फक्त तो हलका असतो. पीकशास्त्रासारखा द्विलक्षी अभ्यासक्रम घेतला तर तो दुसरी भाषा आणि एक विषय अशा दोघांची जागा भरतो. तो आपल्या कॉलेजात आहे का, ते विचारा. आणि फिजिक्सला गणित लागतंच. मंडळाच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकात दुसरा धडाच गणिती पद्धतींचा आहे. गणिताला घाबरून बायोलॉजीकडे पळालेलं पोर नीटच्या फिजिक्समध्ये बरोबर सापडतं. तेव्हा गणित विषय नसला तरी तेवढा धडा कोणाकडून तरी पक्का करून घ्यावा.

मग दोन्ही विषय कोणी घ्यावेत? ज्या पोराला दहावीत गणित खरोखर आवडलं, ज्याचं मन अजून ठरलेलं नाही आणि ज्याच्या हातात वेळ आहे, त्याने जरूर घ्यावेत. पण मुदत घालून. पहिली चाचणी झाली की पोराला समोर बसवून विचारा, कुठे रमतोस? आणि विषय बदलायची मुदत कधीपर्यंत आहे, हे प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजात विचारून ठेवा. ज्याला डॉक्टरच व्हायचंय, त्याने तीन विषय घेऊन त्यांचं सोनं करावं. मेडिकलला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. गणिताचे मार्क तिथे कोणी विचारत नाही. आणि स्पर्धा केवढी? २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. एवढ्या गर्दीत उरलेल्या वेळात अभ्यास करून नंबर लागत नाही.

हे सगळं एकेका बापाने शोधून काढायचं म्हटलं तर कठीण आहे. इथे गावच्या कारभारी मंडळींनी थोडं मनावर घ्यावं. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले. खेड्यातलं पोर नेट कॅफेत जातं, तिथला मुलगा विचारील तेवढं भरतं आणि पुढे कॉलेजात विषय लिहून देताना दुसऱ्याचं बघून लिहितं. निकालाच्या आठवड्यात ग्रामपंचायतीने हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना घेऊन मारुतीच्या पारावर एक संध्याकाळ पालकांची बैठक ठेवली तर काय बिघडेल? खर्च चहाचा. त्या बैठकीत तीनच गोष्टी सांगाव्यात: कोणत्या विषयाने कोणता दरवाजा उघडतो, कोणती परीक्षा कशासाठी, आणि जवळच्या कोणत्या कॉलेजात गणित व बायोलॉजी शिकवायला माणूस खरोखर आहे. शाळा समितीवरच्या मंडळींनी तर कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, हे डोळ्यांनी बघून यावं. फळ्यावर विषयाचं नाव आहे आणि शिकवायला कोणी नाही, अशा ठिकाणी तीन घ्या की चार, पदरात सारखंच पडणार.

मुलींबद्दल एक शब्द. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण संध्याकाळची गाडी चुकली की घरचे लोक दुसऱ्या दिवशी कॉलेजच बंद करतात. पोरीने चौथा विषय घेतला आणि त्याच्या क्लासपायी शेवटची गाडी धरावी लागली, तर त्या विषयाची किंमत कधी सगळं शिक्षण सुटण्याएवढी होते. विषय ठरवताना एसटीचं वेळापत्रकही समोर ठेवा, यात कमीपणा काही नाही.

शेवटी एवढंच सांगायचंय. खिडकीवर कारकून “ग्रुप?” म्हणून विचारील, तेव्हा तुम्ही बोलू नका. पोराकडे बघा आणि त्याला बोलू द्या. ते उत्तर त्यानं तिथं नाही, तर आठ दिवस आधी घरी, जेवताना, तुमच्याशी बोलून ठरवलेलं असू द्या. मी ते केलं नाही. तुम्ही करा.