सहल पाण्यावरची हवी

शिक्षक मित्रांनो, पालकहो, सहल म्हटलं की वॉटर पार्कच का? काळाचौकीपासून भाऊचा धक्का एवढा जवळ, तरी माझ्या वर्गातली बरीच मुलं कधी लाँचमध्ये बसलेली नाहीत. त्यांना गेटवेहून बोटीची एक फेरी घडवा. बंदरामुळे मुंबई वाढली, हे पुस्तकातलं वाक्य पाण्यावरून डोळ्यांना दिसतं. उतरल्यावर चालत १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दाखवा. "इथे आम्हाला शिकता येईल का?" असं एखादं मूल विचारेलच.

१८ डिसेंबर २०२४ च्या बोट दुर्घटनेनंतरची तुमची भीती मला समजते. पण म्हणून सहल रद्द करू नका. प्रत्येक मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय बोट सुटणार नाही, एवढा हट्ट मात्र धरा. मुलांसाठी तोही एक धडाच आहे.